हाऊ पैसा उक्ता शे का बटाईना?

गेल्या दिवाळीनंतर अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठच्या एका गावात, शेतकरी उत्पादक कंपनीची बैठक होती. गोदामात सतरंजी अंथरलेली, एका भिंतीला मक्याच्या गोण्यांची थप्पी, दाराशी वजनकाटा. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी या कंपनीचे हिशेब बघून देतो, म्हणून मलाही बोलावलं होतं. मुंबईहून एका गुंतवणूक निधीची दोन तरुण माणसं आली होती, एक मुलगा आणि एक मुलगी. दोघंही मनापासून बोलत होती. आमचा पैसा नुसता नफ्यासाठी नाही, त्यातून शेतकऱ्याचं उत्पन्न वाढलं पाहिजे, बायकांच्या हाताला काम मिळालं पाहिजे, पाणी वाचलं पाहिजे, आणि हे सगळं झालं की नाही ते आम्ही मोजतो, असं ती सांगत होती. लोक ऐकत होते.

चहा झाल्यावर मागच्या रांगेतले एक जिभाऊ उठले. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी एकच विचारलं, “ताई, हाऊ पैसा उक्ता शे का बटाईना?”

मुलीला प्रश्न कळला नाही. हा पैसा उक्ता आहे की बटाईचा, असं ते विचारत होते. मी समजावून सांगितलं. आमच्याकडे दुसऱ्याची जमीन कसायला घेण्याच्या दोन तऱ्हा आहेत. उक्ती घेतली तर वर्षाची रक्कम आधी ठरते. पाऊस पडो, न पडो, कपाशीला बोंडअळी लागो, भाव पडो, मालकाला ठरलेले पैसे द्यायचेच. बटाईने घेतली तर खर्चात मालकाचा वाटा आणि पिकातही वाटा. पीक बुडालं तर दोघांचंही बुडालं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, तसं बघितलं तर उक्ताच म्हणायला हवा. व्याजाचा दर ठरलेला आहे, हप्ते ठरलेले आहेत.” तिने हे लपवलं नाही याचं मला कौतुक वाटलं. पण त्यानंतर बैठकीत फारसं कुणी बोललं नाही.

‘परिणामकारी गुंतवणूक’ किंवा ‘इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग’ या नावाने जगभर जे चाललं आहे, त्याचा विचार करताना जिभाऊंचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. हे नाव तसं नवं आहे. 2007 मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने इटलीतल्या बेलाजिओ इथे एक बैठक भरवली, तिथे ते रुजलं. 2009 मध्ये या क्षेत्रातल्या गुंतवणूकदारांची जागतिक संघटना उभी राहिली. तिच्याच 2024 च्या अंदाजानुसार या नावाखाली 1.57 लाख कोटी डॉलर गुंतलेले होते. कल्पना सरळ आहे. दान देऊन गरिबी हटत नाही, कारण दान संपतं. निव्वळ बाजारावर सोडलं तर बाजार गरिबाच्या दारात येत नाही. तेव्हा मधली वाट काढायची, पैसा गुंतवायचा, तो परतही घ्यायचा आणि जाता जाता भलंही करायचं. ही वाट मला पटते. तेहतीस वर्षं कर्जवाटपाच्या टेबलावर बसलेला माणूस ‘पैसा परत मागू नका’ असं कसं म्हणेल? माझं म्हणणं वेगळं आहे. बुडण्याची जोखीम सगळी घेणाऱ्याच्या माथी ठेवून जो पैसा येतो, त्याला कर्ज म्हणावं. परिणामाचं नाव त्याला तेव्हाच शोभेल, जेव्हा तो वाईट वर्षात आपल्या वाट्याचं बुडवून घ्यायला तयार असेल.

आमच्याकडे वाईट वर्ष ही काही अपवादाची गोष्ट नाही. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने राज्यभर कपाशीची धूळधाण केली, तेव्हा उभ्या पिकात नांगर घालणारे लोक मी पाहिले. 2022 च्या हंगामात उलटं झालं. आदल्या वर्षी कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला होता, म्हणून लोकांनी नवा कापूस घरातच भरून ठेवला. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, पोरांना झोपायला जागा नाही, अंगाला खाज. भाव काही परत चढला नाही, आणि शेवटी वजनात घट सोसून तो विकावा लागला. रावेर-यावलकडे केळीचं तेच. एका वादळाने मे महिन्यात उभी बाग झोपते, नाहीतर मोझॅक रोगाची लागण होऊन कोवळी झाडं उपटून बांधावर टाकावी लागतात. या अशा जमिनीत दर महिन्याच्या पाच तारखेला सारखाच हप्ता मागणारा पैसा आला, तर तो कितीही चांगल्या मनाने आलेला असो, त्याचं कॅलेंडर इथलं नाही. इथलं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या गड्याचं, साल आखाजीला ठरतं, जुनी उचल आखाजीला फिटते किंवा पुढच्या सालात चढते. कपाशीचा पैसा दिवाळीनंतर येतो, दादरीचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, होळीच्या आसपास. जून ते ऑक्टोबर हातात काही नसतं, आणि नेमका तेव्हाच बी-बियाणं, खतं, शाळेची वह्या-पुस्तकं आणि आजारपण हे सगळं एकदम येतं.

या उक्त्या पैशाचं सगळ्यात जवळचं रूप बघायचं तर आमच्या गल्लीत चला. तिसऱ्या घरातल्या आक्कांच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी टांगलेली आहे. तिच्यात तीन कार्डं आहेत, तीन वेगवेगळ्या फायनान्स कंपन्यांची. एकीचा हप्ता आठवड्याला, दोघींचा महिन्याला. पहिलं कर्ज शिवणयंत्रासाठी घेतलं, आणि ते यंत्र खरोखरच आलं, अजूनही चालतं. दुसरं नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी. तिसरं कशासाठी घेतलं असं मी विचारलं तेव्हा आक्का म्हणाल्या, “पहिल्या दोघींचे हप्ते थकले होते ना.” सकाळी साडेआठला गटाची मीटिंग असते. एखादी बाई आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात जाऊन उभ्या राहतात, कारण जबाबदारी गटाची. कंपनीचा पोरगाही गरीब घरचाच असतो. त्यालाही वरून वसुलीचा आकडा दिलेला असतो. व्याज वर्षाला वीस टक्क्यांच्या वर. या कंपन्यांचा पैसा येतो कुठून? मुख्यतः बँकांकडून, आणि काही भाग देशी-परदेशी परिणामकारी निधींकडूनही येतो. तिकडच्या अहवालात आक्का तीनदा मोजल्या जात असतील, तीन सक्षम झालेल्या महिला म्हणून.

हे धोक्याचं आहे हे जगाला पंधरा वर्षांपूर्वीच कळलेलं आहे. मोहम्मद युनूस यांच्या ग्रामीण बँकेला 2006 मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला आणि लहान कर्जांकडे पैशाचा ओघ लागला. 2010 च्या ऑगस्टमध्ये आंध्र प्रदेशात पसरलेली एसकेएस मायक्रोफायनान्स शेअर बाजारात उतरली तेव्हा तिच्या शेअरवर गुंतवणूकदारांच्या उड्या पडल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कर्जबाजारी बायकांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी हादरून आंध्र सरकारला या कंपन्यांना वेसण घालणारा वटहुकूम काढावा लागला. मग रिझर्व्ह बँकेने नेमलेली मालेगाम समिती, तिच्यावरून नियम, व्याजावर मर्यादा. 2022 मध्ये नियम बदलले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत अशी अट आली, आणि व्याजावरची मर्यादा निघाली. निम्म्याची अट चांगली आहे. पण आक्कांचं मासिक उत्पन्न म्हणजे काय? कापूस वेचणीच्या दिवसांत असतं ते, की श्रावणात असतं ते? फॉर्मवर एकच रकाना असतो.

म्हणजे कर्ज वाईट असं मी म्हणत नाही. शिवणयंत्राचं कर्ज फिटलं, आणि त्यातून आक्कांनी पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. ज्या कामाचा पैसा दर आठवड्याला येतो, त्याला आठवड्याचा हप्ता झेपतो. पण जमिनीवरचा आणि आजारपणातला पैसा त्या चालीने चालत नाही.

मग शेतकऱ्यांनी एकत्र येऊन काढलेल्या कंपन्यांचं काय? तिथे तरी भागीदारीचा पैसा यायला हवा होता. इथे गाडी कायद्यातच अडते, आणि मला वाटतं ही गोष्ट बाहेरच्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. सरकारने नेमलेल्या अलघ समितीच्या शिफारशींवरून 2002 मध्ये उत्पादक कंपनीची तरतूद झाली. तिचा सभासद फक्त उत्पादक किंवा उत्पादकांची संस्था होऊ शकते. बाहेरच्या कुणाला तिचा शेअर घेता येत नाही. हेतू शुद्ध होता. एखाद्या धनदांडग्याने शेअर गोळा करून शेतकऱ्यांची कंपनी गिळू नये. पण परिणाम असा झाला की चांगल्या मनाचा पैसासुद्धा बटाईने आत येऊ शकत नाही. त्याला उक्ताच यावं लागतं, म्हणजे कर्ज म्हणून. आणि शेतकऱ्यांचं स्वतःचं भांडवल किती? पाचशे सभासदांनी हजार-हजार रुपये भरले तर पाच लाख. तेवढ्यात मक्याच्या दोन-तीन ट्रकसुद्धा उभ्या राहत नाहीत.

हे कसं चालतं ते सांगतो, म्हणजे अडचण लक्षात येईल. हंगामात शेतकरी मका घेऊन गोदामाच्या दारात येतो. शेजारच्या व्यापाऱ्याकडे गेला तर ओलावा बघून, थोडी कटती करून, त्याच दिवशी रोख मिळते. आमची कंपनी क्विंटलला पन्नास-साठ रुपये जास्त देऊ शकते, कारण ती माल चाळून, वाळवून थेट पशुखाद्याच्या कारखान्याला देते. पण कारखान्याचे पैसे यायला तीन आठवडे, कधी महिना लागतो. तेवढे दिवस शेतकऱ्याला थांबवलं तर तो पुढच्या खेपेला व्यापाऱ्याकडे जातो, आणि त्याचं काही चुकत नाही, घरी मजुरी द्यायची असते. तेव्हा कंपनीला हातात खेळता पैसा लागतो. बँक तारण मागते. गोदाम भाड्याचं, संचालकांच्या जमिनी आधीच पीककर्जात गहाण. सरकारने 2020 मध्ये दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना आणली, 6,865 कोटी रुपयांची. तिच्यात कंपनीला तीन वर्षांसाठी 18 लाखांपर्यंत व्यवस्थापनाचा खर्च, सभासदाच्या भागभांडवलाला 15 लाखांपर्यंत जोड आणि दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला हमी मिळते. जोडीचं भांडवल फार उपयोगी पडलं, हे मी अनुभवाने सांगतो. पण हमीकडे नीट बघा. ती बँकेला मिळते. कर्ज बुडालं तर बँकेचं बरंचसं नुकसान भरून निघतं. कंपनी मात्र थकबाकीदार होते, तिचं नाव काळ्या यादीत जातं, संचालक शेतकरी तारखांना हजर राहतात. पैसे देणाऱ्याला छत्री, घेणारा पावसात.

शेजारच्या नाशिक जिल्ह्यात एक वाट निघाली आहे. सह्याद्री फार्म्स. दीड दशकापूर्वी विलास शिंदे आणि थोड्या द्राक्ष बागायतदारांनी सुरुवात केली. पुढे त्यांनी शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी वर ठेवली आणि प्रक्रियेसाठी तिच्याखाली वेगळी कंपनी काढली. 2022 मध्ये त्या खालच्या कंपनीत युरोपातल्या चार परिणामकारी गुंतवणूकदारांनी मिळून सुमारे 310 कोटी रुपये घातले, शेअर घेऊन. म्हणजे बटाईने. द्राक्षाचा, टोमॅटोचा हंगाम बिघडला तर तेही त्यात आहेत. हे मोठं काम आहे, आणि महाराष्ट्राने त्याचा अभिमान बाळगावा. मात्र तिथे पोचायला त्यांना दहा-बारा वर्षं लागली. आमच्यासारख्या छोट्या कंपनीने दोन मजली रचना करायची म्हटलं तर वकील आणि सीएची फीच आमच्या वर्षाच्या नफ्याहून जास्त होईल. निधीवाल्यांचीही अडचण आहे. पाच कोटींची तपासणी आणि पन्नास कोटींची तपासणी यांचा खर्च जवळपास सारखाच येतो. म्हणून मोठ्याकडे पैसा जातो, अगदी लहानाकडे मायक्रोफायनान्स जाते, आणि मधला, ज्याला एक-दीड कोटी हवे आहेत, तो कोरडा राहतो. खान्देशातल्या जवळजवळ सगळ्या उत्पादक कंपन्या या मधल्या पट्ट्यात बसतात.

परदेशातून येणाऱ्या डॉलरचा प्रश्न थोडक्यात सांगून टाकतो. 2010 मध्ये डॉलर साधारण 45 रुपयांना होता. 2025 मध्ये तो 85 च्या पुढे होता. तेव्हा शंभर डॉलर आणून साडेचार हजार रुपये इथे लावले असतील, तर नुसते शंभरच डॉलर परत न्यायला आज साडेआठ हजारांहून जास्त लागतात. म्हणजे एक पैशाचा नफा न होताही दरसाल चार टक्क्यांहून अधिक वाढ हवी. हा बोजा निधी स्वतः घेत नाही. तो आधीच व्याजदरात धरलेला असतो. अमेरिकेतल्या व्याजदरांमुळे, तेलाच्या भावामुळे रुपया घसरतो, आणि त्याची भरपाई दादर पिकवणारा करतो. देशातला रुपयातला पैसा या कामाला लागला पाहिजे तो यासाठी. सोशल स्टॉक एक्स्चेंज, म्हणजे सामाजिक कामासाठी पैसा उभा करण्याचा शेअर बाजार, 2019 च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं, पहिले रोखे तिथे 2023 च्या डिसेंबरात आले. पण तिथे विनानफा संस्थांसाठी जे रोखे आहेत, त्यांवर व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. ते दानच आहे, पारदर्शक पद्धतीने दिलेलं. त्याला विरोध नाही. बटाईच्या पैशाची गरज त्याने भागत नाही, इतकंच.

आता मोजणीबद्दल. परिणाम मोजल्याशिवाय परिणामाचा दावा करायचा नाही, हा या क्षेत्राचा मोठा गुण मानला जातो. पण मोजतो कोण, आणि कधी? मागे एका प्रकल्पाची पाहणी करायला एक मुलगा टॅब घेऊन गावात आला होता. मार्च महिना होता. उत्पन्न वाढलं का, असं तो विचारत होता. लोक ‘हो’ म्हणाले, कारण कापूस नुकताच विकला गेला होता आणि खिशात पैसे होते. तोच प्रश्न ऑगस्टमध्ये विचारला असता तर उत्तर वेगळं आलं असतं. त्याच्या यादीत ‘या वर्षी कुणाचं काही विकावं लागलं का’ हा प्रश्नच नव्हता. बैल विकला, बायकोच्या कानातलं मोडलं, पोराची शाळा सुटली, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मोजणीत एखादा माणूस सुटला तर काय होतं, हे खान्देशाएवढं दुसऱ्या कुणाला माहीत असेल? अक्कलकुवा तालुक्यात, नर्मदेच्या काठी, मणिबेली नावाचं गाव होतं. आज तो नंदुरबार जिल्हा, तेव्हा धुळे. सरदार सरोवराच्या बुडितात येणाऱ्या महाराष्ट्रातल्या 33 आदिवासी गावांतलं ते पहिलं. 1985 मध्ये जागतिक बँकेने या धरणासाठी 45 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. तेव्हा ‘इम्पॅक्ट’ हा शब्द गुंतवणुकीला चिकटला नव्हता, पण भाषा तीच होती: लाखो हेक्टर सिंचन, तहानलेल्या गावांना पाणी, वीज. हे फायदे खोटे नव्हते. पण फायदे मोजले गेले खाली गुजरातेत, आणि सातपुड्यातली जी माणसं पिढ्यान् पिढ्या जंगलजमीन कसत होती, त्यांच्याकडे सातबारा नाही म्हणून त्यांना कागदावर ‘अतिक्रमणदार’ म्हटलं गेलं. धरणाच्या जोखमीत त्यांचा वाटा पूर्ण होता. हिशेबात मात्र त्यांना जागा नव्हती.

ते लोक उठले, अडून बसले. अखेर बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या समितीने 1992 मध्ये सांगितलं की माणसांवर होणाऱ्या परिणामांचा नीट अंदाज ना बँकेने घेतला, ना राज्यांनी. 1993 च्या मार्चमध्ये भारताने उरलेलं कर्ज न घेण्याचं ठरवलं आणि बँक त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी जागतिक बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं, जिथे प्रकल्पाने नुकसान झालेली माणसं थेट तक्रार करू शकतात. नर्मदेची लढाई हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. 1994 मध्ये जगभरच्या संघटनांनी जागतिक बँकेला उद्देशून जाहीरनामा काढला, त्याला नाव दिलं मणिबेलीचं. जगातल्या अनेक परिणामकारी निधींच्या दस्तऐवजात आज ‘तक्रार निवारण’ असं प्रकरण असतं, त्याच्या मुळाशी अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या बाया-माणसांचा हट्टही आहे. त्यांनी हे मिळवलं, आणि त्यांचं गाव मात्र पाण्याखाली गेलं.

याच्या उलट टोकाचं उदाहरणही माझ्याच तालुक्यात आहे, आणि त्याला कुणी परिणामकारी गुंतवणूक म्हटलेलं नाही. 1945 मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वनस्पती तेलाचा कारखाना काढला. त्याची पुढे विप्रो झाली. त्या काळी अमळनेरच्या लोकांनी कंपनीचे शेअर घेतले, आणि अनेक घरांत ते तसेच ट्रंकेत पडून राहिले. तेल, साबण, मग संगणक, मग सॉफ्टवेअर, कंपनी कुठल्या कुठे गेली. लोकांनी गरजेपुरते विकले, पोरीच्या लग्नाला, घराच्या स्लॅबला, उरलेले पुढच्या पिढीला गेले. अमळनेरला शेअर हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कंपनी बुडाली असती तर त्यांचेही पैसे बुडाले असते, हे त्यांना ठाऊक होतं. दहा वर्षांत बाहेर पडायचं बंधन त्यांच्यावर नव्हतं. आजच्या बहुतेक निधींवर ते असतं, आणि केळीची बाग, गोदाम, शीतगृह, बाजारातली पत हे सगळं उभं राहून स्थिरावायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या आतच त्यांना आपला पैसा काढून न्यावा लागतो. अर्थात हेही सांगायला हवं की त्या काळी ज्याच्याकडे शिल्लक होती त्यानेच शेअर घेतले. सालदाराच्या घरात ट्रंक नव्हती.

माझ्यासमोर प्रामाणिक आक्षेप आहेत, आणि ते मी स्वतःच मांडतो, कारण मी टेबलाच्या त्या बाजूला बसलो आहे. बटाईत मालकाला कायमची एक भीती असते. कसणारा खळ्यावरून रात्रीत चार पोती गायब करेल. म्हणून रास पडते तेव्हा मालक खळ्यावर येऊन बसतो. पैशाच्या बटाईतही तेच आहे. नफ्यात वाटा द्यायचा तर नफा दिसला पाहिजे. आणि आमच्या किती उत्पादक कंपन्या हिशेब उघडे ठेवतात? काही नुसत्या कागदावर आहेत. काहींत नवरा अध्यक्ष, बायको संचालक, मेहुणा व्यवस्थापक. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांमध्ये काय भोगलं ते आठवतं ना? माझ्या सासऱ्यांच्या निवृत्तीची ठेव एका पतसंस्थेत अडकली. ते गेले तेव्हा निम्मीसुद्धा परत आली नव्हती, आणि शेवटच्या आजारपणात ते पासबुक उशाखाली ठेवून झोपत. विश्वास ठेवून पैसा दिला आणि हिशेब बंद दाराआड राहिला, की असं होतं. तेव्हा निधीवाला ‘मी कर्जच देणार, तारण घेऊनच देणार’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. त्याच्याकडचा पैसाही कुणाच्या तरी पेन्शनचा असू शकतो.

म्हणून माझं मागणं दोन्हीकडे आहे. कायद्याने उत्पादक कंपनीला मतदानाचा हक्क नसलेले शेअर बाहेरच्याला द्यायची मुभा द्यावी. परताव्यावर वरची मर्यादा असावी, आणि ते शेअर परत विकत घ्यायचा पहिला हक्क शेतकऱ्यांचा असावा. मताधिकार नसल्यामुळे गिळंकृत होण्याची भीती राहत नाही, आणि बुडाल्यास वाटा दोघांचा. तोवर निधींनी निदान एवढं करावं की हप्ता विक्रीच्या टक्केवारीवर घ्यावा. हंगाम चांगला तर जास्त, वाईट तर कमी, मुदत त्याप्रमाणे पुढे-मागे. तालुक्यात दुष्काळ जाहीर झाला तर त्या वर्षीचं व्याज निधीच्या वाट्याने माफ. सरकारी हमीचा काही भाग कंपनीच्या बाजूलाही यावा, नुसता बँकेच्या नाही. आणि आमच्या कंपन्यांनी खळं उघडं ठेवावं. दर महिन्याला खरेदी-विक्रीचा तक्ता गोदामाच्या दारावर लागावा, सभासदाने विचारलं तर वही समोर ठेवावी. परिणाम मोजायला बाहेरचा मुलगा खुशाल यावा, पण प्रश्न काय विचारायचे ते गावातल्या पाच बायांनी आधी ठरवून द्यावेत. त्या बैल विकल्याचं विचारल्याशिवाय राहणार नाहीत.

असं केलं तर परदेशी पैसा येणारच नाही, असं मला मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्याने ऐकवलं. कमी येईल हे खरं आहे. पण उक्त्या पैशाची आम्हाला टंचाई कधीच नव्हती. सावकाराकडे तो होता, फायनान्स कंपनीकडे आहे, कापसाच्या व्यापाऱ्याकडेही मिळतो. नवं नाव घेऊन जो पैसा येतो त्याने नवं काही आणावं, ही अपेक्षा मला अवाजवी वाटत नाही.

त्या बैठकीनंतर कंपनीच्या संचालकांनी निधीला पत्र लिहिलं. मसुदा मी करून दिला, दुरुस्त्या जिभाऊंनी सांगितल्या. दोन अटी आहेत. दरसाल ठरलेलं व्याज नको, विक्रीतला ठरलेला टक्का घ्या. आणि आखाजीच्या आधी एकदा, स्वतः, गोदामात येऊन हिशेबाला बसा. त्या मुलीचा फोन आला होता. दुसरी अट तिला आवडली, पहिली तिने त्यांच्या समितीपुढे ठेवली आहे. जिभाऊ दर दोन दिवसांनी विचारतात, उत्तर आलं का.